नियंत्रण गटाचे पाणी

ज्या बारा उंदरांना औषध मिळाले नव्हते, त्यांच्या मेंदूत जन्मलेल्या नव्या चेतापेशी औषध मिळालेल्या बारा उंदरांच्या दुप्पट भरल्या.

"पुन्हा वाचा," निंबाळकर सर म्हणाले.

ग्रंथपाल गुरवांनी पाकिटातून काढलेला कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "एक, चार, पाच, नऊ, दहा, हे कंट्रोल. दोन, तीन, सहा, यांना अर्क. पुढचे सगळे वाचू?"

"नको. कळलं."

मी वहीतील आकड्यांपुढे खुणा करीत होते. चोवीस मेंदू मी मोजले होते, आणि मोजताना कोणता मेंदू कोणत्या गटातला हे मला ठाऊक नव्हते. ती यादी मोहोरबंद पाकिटात गुरवांच्या कपाटात होती. कंट्रोलची सरासरी एकोणीसशे ऐंशी. अर्काची नऊशे नव्वद.

"हे उलटं आहे," सर म्हणाले.

"सर, जे दिसलं ते हे आहे."

"बिडकर, तीन वर्षं आपण काय म्हणतोय? अर्क पोटात गेला की मेंदूतल्या मूळपेशी भराभर विभागतात. आणि तुमचे आकडे म्हणतात, साधं पाणी प्यायलेले उंदीर जास्त हुशार!"

"हुशारी मी मोजलेली नाही."

कुमुदताई खिडकीपाशी उभ्या होत्या. एरवी अशा उत्तराला त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

ही गोष्ट २००१ सालच्या ऑगस्टची. मिरजेच्या एका लहानशा खासगी संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करीत होते. डॉ. निंबाळकर माझे मार्गदर्शक. ज्या वनस्पतीचा अर्क आम्ही तपासत होतो तिचे नाव येथे देत नाही, कारण तिचा काही अपराध नव्हता. पक्षाघातानंतर किंवा म्हातारपणी मेंदू सावरायचा असेल तर त्यात उरलेल्या थोड्या मूळपेशींना जागे करावे लागेल, असे तेव्हा जगभर बोलले जात होते. आमचा अर्क ते काम करतो असे सरांना वाटत होते. मला अजून काही वाटत नव्हते. मी मोजत होते.

कुमुद तेरदाळकर या विभागातल्या वरिष्ठ साहाय्यक. सोळा वर्षांची नोकरी, तीही दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचे नवे पत्र मिळणारी. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते आणि आठवड्यातले चार दिवस गाडीवर असत. त्यांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती, पण जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरात होई. उंदीर कसा धरायचा, मेंदू अखंड कसा काढायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप कसे घ्यायचे, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. कुमुदताईंनी शिकवले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक नियमही सांगितला होता: "औषध सोडून सगळं सारखं. एकाला सुई टोचली तर दुसऱ्यालाही टोचायची. एकाला उचललं तर दुसऱ्यालाही उचलायचं. नाहीतर शरयू, आपण औषध तपासत नसतो, आपली हौस तपासत असतो."

त्या नियमानुसार अर्क असा दिला जाई: टोकाला गुळगुळीत गोळी असलेली बोथट पोलादी सुई उंदराच्या घशातून थेट पोटात उतरवायची आणि पिचकारी दाबायची. कंट्रोलच्या उंदरालाही तीच सुई, तितकाच वेळ, फक्त पिचकारीत पाणी. रोज सकाळी, अठ्ठावीस दिवस. हे काम कुमुदताईंचे होते. ज्याने मोजायचे त्याने पाजायचे नाही, अशी आमची व्यवस्था होती. त्यामुळे त्या अठ्ठावीस दिवसांत मी प्राणिगृहात पाऊलही टाकले नव्हते.

"सर," खिडकीजवळून कुमुदताई म्हणाल्या, "एक सुचवू का? रागावू नका."

"बोला."

"शरयूनं ग्लिया तर मोजल्या नसतील ना? म्हणजे मुद्दाम नव्हे. नवी नजर आहे तिची."

सर माझ्याकडे वळले. "बोला बिडकर. ग्लिया?"

"मला गट माहीत नव्हते, सर. माझी नजर चुकली असती तर दोन्ही गटांत सारखीच चुकली असती."

"ग्लिया दोन्ही गटांत सारख्या वाढल्या असतील तर. पण समजा कंट्रोलमध्ये जास्त वाढल्या? आणि तुम्ही त्यांनाच न्यूरॉन समजून बसलात?"

प्रश्न रास्त होता.

मेंदूत चेतापेशी एकट्या राहत नाहीत. त्यांच्या अंगाला खेटून ग्लिया असतात. शंभरेक वर्षे त्यांना नुसता भराव मानले गेले. प्रत्यक्षात त्या चेतापेशींना खाऊ घालतात, त्यांचा केर काढतात, त्यांच्या तारांवर वेष्टण चढवतात, आणि ज्या मूळपेशींमुळे प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मते, त्या मूळपेशीही ग्लियाच्याच कुळातल्या निघाल्या आहेत. ग्लिया आयुष्यभर विभागतात. आम्ही उंदरांना असे द्रव्य टोचत होतो जे विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकात जाऊन बसते आणि पुढे हिरवे चमकते. म्हणजे हिरवे केंद्रक दिसले की पेशी नवी. पण एखादी नवी ग्लिया जुन्या चेतापेशीच्या पाठीवर बरोबर बसली असेल, तर वरून पाहणाऱ्याला ती एकच पेशी वाटते: नवी चेतापेशी. नामांकित प्रयोगशाळा या चुकीत सापडल्या होत्या. मीही सापडू शकत होते.

"पुन्हा मोजा," सर म्हणाले. "चोवीसच्या चोवीस. तिन्ही रंगांत. थरांथरांनी."

"तीनचार महिने लागतील."

"मग लागू देत. मला मार्चमध्ये अनुदानाचा अहवाल द्यायचा आहे. तोवर एक गोष्ट ठरली पाहिजे: तुमची नजर भरवशाची आहे की नाही. नसेल तर तुमच्या प्रबंधात दुसरं काही नाहीच."

बाहेर व्हरांड्यात कुमुदताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. मोजलंस की तुलाच बरं वाटेल."

मी त्यांचे आभार मानले.

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी अंधाऱ्या खोलीत होते. चमकणारे रंग उजेडात विटतात, म्हणून खिडक्यांना काळा कागद लावलेला. हिरवा रंग नवेपणाचा, लाल चेतापेशीचा, निळा ग्लियाचा. प्रत्येक हिरव्या केंद्रकावर थांबून सूक्ष्मदर्शकाची चकती केसभर फिरवायची, पेशीच्या माथ्यापासून तळापर्यंत उतरायचे, आणि हिरवे व लाल शेवटच्या थरापर्यंत एकत्र राहिले तरच वहीत रेघ ओढायची. मध्येच निळे डोकावले तर रेघ नाही. दिवसाला चारशे केंद्रके झाली तर तो दिवस चांगला. नोव्हेंबरात उजवा डोळा सुजला. डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. मी डाव्या डोळ्याने मोजले.

कुमुदताई रोज एक वाजता दारावर टिचकी मारीत.

"भाकरी गार व्हायलीय, बाई. आतल्या ग्लिया पळून जाणार नाहीत."

"एवढी ओळ संपवते."

"ओळ संपवता संपवता डोळे संपवशील. ये बाहेर. आणि हे थेंब घाल. मान वर कर. वर म्हटलं ना, जणू काही फाशी द्यायलेत!"

सप्टेंबरपासूनच दिवसातून दोनदा त्या स्वतः माझ्या डोळ्यांत औषध घालीत. दोन बोटांनी पापणी उघडी धरण्याची त्यांची पद्धत इतकी हलकी होती की थेंब पडल्यावरच कळे.

एकदा जेवताना मी विचारले, "कुमुदताई, समजा नजर बरोबर निघाली, तर मग काय?"

"तर काय?"

"मग फरक उंदरांत होता. उंदरांत फरक कुठून येईल? एकच जात, एकच वय, एकच खोली, एकच खाणं."

त्यांनी माझ्या पानात आमटी वाढली. "देव जाणे. कधी कधी उंदीरच तसे निघतात."

उंदीरच तसे निघतात, हे वाक्य मला नियम सांगणाऱ्या बाईच्या तोंडी शोभत नव्हते. मला ते तेव्हा खटकायला हवे होते. मी आमटी ओरपली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी नवे आकडे सरांच्या टेबलावर ठेवले. ग्लिया वगळल्यावर दोन्ही गटांतल्या पेशी थोड्या घटल्या. प्रमाण जसेच्या तसे राहिले. पन्नास केंद्रके सरांनी स्वतः तपासायला घेतली. एकेचाळिसाव्यावर ते थांबले, खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "नजर ठीक आहे."

चार महिन्यांत मला मिळालेले तेवढेच प्रशस्तिपत्र.

"मग आता एकच शक्यता उरते," ते पुढे म्हणाले. "यादी. तेरदाळकरबाई, पाकिटातली यादी तुम्ही केली होती ना?"

"हो सर."

"लिहिताना गट उलटे पडले असतील?"

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत त्या म्हणाल्या, "होऊ शकतं, सर."

मी जवळजवळ ओरडलेच. "कुमुदताई! तुमच्या हातून? तुम्ही मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहिता!"

"माणूस आहे मी. चुकू शकते."

"प्रश्न मिटला," सर म्हणाले. "यादी उलटी धरली की सगळं जागेवर बसतं. अर्कानं दुप्पट. बिडकर, तसा अहवाल लिहा आणि सही करा."

"सर, यादी उलटी पडल्याचा पुरावा काय?"

"निकाल."

"निकालावरून यादी ठरवायची असेल तर मोहोरबंद पाकीट कशाला केलं? गुरवांचं कपाट तरी मोकळं राहिलं असतं."

सर चिडले, पण ते लबाड नव्हते. फक्त त्यांना तीन वर्षे एक गोष्ट खरी हवी होती. ते टेबलावर बोटे वाजवीत राहिले. मग म्हणाले, "दुसरी तुकडी सुरू आहे. तिचे अठ्ठावीस दिवस कधी भरतात?"

"आज बारावा दिवस," कुमुदताई म्हणाल्या.

"ठीक. ती होईपर्यंत थांबतो. नंतर मात्र सही नाही केलीत बिडकर, तर तुमचं नाव काढून अहवाल पाठवीन आणि तुम्ही दुसरा गाइड शोधा."

मी नीट विचारच केला नाही. कुमुदताई यादीत चुकणे शक्य नव्हते. तरी त्या चुकले म्हणाल्या होत्या. याचा अर्थ त्या मला सोडवायला खोटे बोलल्या, असे मी धरले. माझी नजर वाचावी आणि सरांचा अर्कही वाचावा म्हणून त्यांनी दोष अंगावर घेतला. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "माझ्यासाठी असं करायला नको होतं."

त्या तांदूळ निवडत होत्या. "झालं ते झालं," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या तुकडीच्या बाविसाव्या दिवशी कुमुदताईंना इचलकरंजीला जावे लागले. भाचीच्या मुलीचे बारसे होते. आदल्या दिवशी त्या सरांकडे एका दिवसाची सुट्टी मागायला गेल्या आणि म्हणाल्या, एक दिवस पाजणे चुकले तर काही बिघडत नाही. सर म्हणाले, "बिघडत नाही कसं? बिडकर पाजतील. या तुकडीत त्या मोजणार नाहीत, मी मोजणार आहे." कुमुदताईंनी दोनदा नको म्हटले. मला वाटले, माझ्या डोळ्यांची काळजी.

सकाळी नऊ वाजता मी प्राणिगृहात गेले. तिथले इराप्पा वीस वर्षे पिंजरे धूत होते. मूळचे अथणीकडचे, मराठीला कानडीचा हेल.

"या बाई, या. आज तुमच्या हाती सुई की काय?"

"हो. आधी अर्काचे घेऊ."

मी हातमोजे चढवले, पिचकारी भरली आणि सुई लावून पहिल्या पिंजऱ्याशी गेले. झाकण उघडायच्या आधीच आतले तीन उंदीर मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढले. सुई चमकताच एकाने जागीच घाण केली. हातात घेतलेल्याने जबडा असा आवळला की तो उघडायला मला तीनदा प्रयत्न करावे लागले. बारा उंदीर, बारा वेळा हेच. एकवीस दिवसांत त्यांना सुई पाठ झाली होती. हे अपेक्षित होते.

मग मी पिचकारी धुतली, पाणी भरले, दुसरी तशीच सुई लावली आणि कंट्रोलच्या पहिल्या पिंजऱ्याचे झाकण उघडले.

उंदीर पुढे आले.

तिन्ही. मागचे पाय टेकून, नाके हलवीत. एकाने सुईच्या गोळीचा वास घेतला. दुसऱ्याने तिला जीभ लावून पाहिली, आणि मग दोन्ही पुढच्या पायांत सुई धरून ती दातांनी कुरतडू लागला, जणू खाऊ आणला आहे.

मी हात तसाच धरून उभी राहिले. दुसरा पिंजरा उघडला. तिसरा. चौथा. बारापैकी एकही उंदीर मागे सरला नाही. भिंतीवरच्या रजिस्टरात कंट्रोलच्या रकान्यात एकवीस दिवसांच्या एकवीस सह्या होत्या. स्वच्छ, तिरक्या, तेरदाळकर.

"इराप्पा, या उंदरांना पाणी कोण पाजतं?"

"बाटलीतनं पितात की. मी भरतो रोज."

"बाटलीतलं नव्हे. सुईनं."

इराप्पांनी फडके खांद्यावर टाकले आणि माझ्याकडे नीट पाहिले. "यांना सुई नसती, बाई. औषधवाल्यांना असती."

"मागच्या वेळी? पहिल्या तुकडीला?"

"तेव्हा पहिले थोडे दिवस दिली. नंतर नाही दिली."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"कोणाला बोलू? मला काय ठाऊक, द्यायची का नाही ते?" ते जरा थांबले. "अन् तुम्हाला ठावं नाही होय? तुम्ही तर एका घरात राहता की ओ."

त्या दिवशी मी कंट्रोलच्या उंदरांना पाणी पाजले नाही. रजिस्टरात कंट्रोलच्या रकान्यात लिहिले, "दिले नाही", आणि सही केली.

कुमुदताई दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर संस्थेत आल्या. हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा होता. मी प्राणिगृहात त्यांची वाट पाहत होते. रजिस्टर उघडे ठेवले होते. त्यांनी माझी ओळ वाचली आणि डबा खाली ठेवला.

"उंदरांनी सुई चाटली, कुमुदताई."

त्यांनी रजिस्टर मिटले.

"एकवीस दिवस जी घशात उतरवली असेल, ती सुई उंदीर चाटतो का?"

"हळू बोल."

"का? यांना घाबरवायला? यांना कोणीच घाबरवलेलं नाही. तोच तर फरक आहे! रोज सकाळी एका गटाचा जीव घशाशी यायचा आणि दुसरा गट मजेत बसायचा. ताणाचं संप्रेरक मूळपेशींना विभागू देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"मला काय ठाऊक एवढा फरक पडेल?" त्यांचा आवाज एकदम चढला. "पाणी होतं, शरयू! नुसतं पाणी! पहिल्या चार दिवसांत चार उंदीर माझ्या हातात गेले. सुई श्वासनळीत शिरली की संपलं. अठ्ठावीसचे चोवीस झाले तेव्हा सर काय म्हणाले ठाऊक आहे? अजून एक मेला तर पुढचं पत्र विसरा. सोळा वर्षांनी! अर्क तर द्यायलाच हवा होता. पाण्यापायी मरणारे तेवढे मी वाचवले. निम्मी सुई, निम्मी भीती."

"मग सरांना तसं सांगायचं. सही कशाला केलीत?"

"रकाना रिकामा ठेवता येतो का?"

त्यांचे हे म्हणणे मला समजले. आजही समजते. नोकरीवरची भीती मला कळत होती, आणि तेवढ्यावर मी कदाचित गप्पही बसले असते. पण मला दुसरे काही विचारायचे होते.

"पाकीट फुटलं त्याच दिवशी तुम्हाला कारण कळलं होतं?"

"अंदाज आला होता."

"आणि ग्लिया तुम्ही सुचवलंत."

"काहीतरी सुचवायला हवं होतं ना. सर लगेच पाजण्यावर आले असते."

"चार महिने, कुमुदताई. चार महिने तुम्ही माझ्या डोळ्यांत औषध घालत होतात."

त्यांनी डबा उचलला, झाकण घट्ट केले, पुन्हा खाली ठेवला. "तू थकशील असं वाटलं होतं. एखाद महिन्यात म्हणशील, चुकले असेन, आणि विषय संपेल. तू लहान आहेस, तुला पुढे शंभर प्रयोग आहेत. मला हे एकच पत्र आहे."

"चला सरांकडे. आत्ता. तुम्ही स्वतः सांगा. मी पाठीशी उभी राहीन."

त्या आल्या. व्हरांडाभर माझ्या बरोबरीने चालल्या. सरांच्या दारात त्यांनी पदर सारखा केला. मी दोन वाक्यांत सांगितले आणि थांबले, म्हणजे त्यांना बोलता यावे.

"काय तेरदाळकरबाई?" सर म्हणाले. "खरं आहे?"

"नाही सर," कुमुदताई म्हणाल्या. "मी रोज पाजलं आहे. रजिस्टर आहे. काल हिनं पाजलं नाही, तेवढं तिनं स्वतः लिहिलं आहे. तिच्या डोळ्यांचा त्रास फार वाढला आहे, सर. मी घरी बघते ना. काल काय दिसलं तिला, कोण जाणे."

माझ्या डोळ्यांबद्दल त्या इतक्या काळजीने बोलल्या की सरांनी क्षणभर माझ्याकडे त्याच काळजीने पाहिले.

त्या क्षणी मला राग आला नाही. मला एवढेच आठवते की मी खुर्चीची पाठ धरली होती आणि मनात मोजत होते: चार महिने, अंदाजे शंभर दिवस, दिवसाला दोन वेळा थेंब.

"इराप्पाला बोलवा," मी म्हणाले.

"गड्याच्या शब्दावर मी सोळा वर्षांच्या साहाय्यकाला खोटं ठरवू?" सर म्हणाले. "बिडकर, उंदरांनी सुई चाटली हा पुरावा नव्हे. ती गोष्ट झाली. पुरावा आणा."

"आणते. मला तीन गट द्या. आठ आठ उंदीर. एकाला अर्क, एकाला पाणी, एकाला काहीच नाही. पाजण्याची सुई दाखवायचीसुद्धा नाही. पाजणार मी. यादी गुरव करतील आणि कपाटात ठेवतील. मोजणार तुम्ही."

कुमुदताई पेपरवेटकडे पाहत होत्या.

"मोजणार मी," शेवटी सर म्हणाले. "आणि अनुदानवाल्यांना मी मुदत मागतो. पण निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर त्याच दिवशी तेरदाळकरबाईंची माफी मागायची. माझ्यासमोर."

"मागेन."

मी त्याच संध्याकाळी माझी ट्रंक स्टेशनजवळच्या एका वसतिगृहात हलवली. कुमुदताईंनी थांबवले नाही. त्यांच्या यजमानांनी मात्र ट्रंकेचे दुसरे टोक धरले आणि रिक्षात ठेवताना विचारले, "भाड्यावरून काही झालं का?" मी नाही म्हटले.

अठ्ठावीस दिवस मी पाजले. तीन उंदीर माझ्याही हातून दगावले आणि तिन्ही वेळा मी ते रजिस्टरात लिहिले. सरांनी मोजायला दोन महिने घेतले. मे महिन्यात गुरवांनी पाकीट फोडले. खोलीत सर, मी आणि कुमुदताई. यादी वाचून झाली तेव्हा सरांनी तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि खडू ठेवला. ज्यांना काहीच पाजले नव्हते, त्यांची सरासरी एकोणीसशे चाळीस. पाणी पाजलेल्यांची हजार दहा. अर्क पाजलेल्यांची नऊशे ऐंशी.

"म्हणजे अर्क काहीच करत नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

"तीन वर्षं." त्यांनी हातावरचा खडू पुसला. मग मान न वळवता विचारले, "तेरदाळकरबाई, पहिल्या तुकडीत कंट्रोलला किती दिवस पाजलंत?"

बाहेर इराप्पा बादली आपटत होते.

"चार," कुमुदताई म्हणाल्या.

प्रबंधात मी हे एका परिच्छेदात लिहिले आणि कोणाचे नाव घेतले नाही. पहिल्या प्रयोगात दिसलेला फरक अर्काचा नव्हता, ग्लियांचा नव्हता, यादीचा नव्हता. घशात उतरणाऱ्या सुईच्या रोजच्या भीतीने एका गटातल्या मूळपेशींचे विभाजन निम्म्यावर आणले होते. दुसऱ्या गटाला अठ्ठावीस दिवसांपैकी चार दिवस पाणी पाजण्यात आले होते. प्रबंधात न लिहिलेले असे: उरलेले चोवीस दिवस कुमुद तेरदाळकर यांनी रजिस्टरात फक्त सही केली होती, आणि मी मोजत होते त्या चार महिन्यांत त्यांना ते माहीत होते.